पारावरचा पहिला विषय

सरांचा मुलगा मंगळवारी दुपारी घरातून गेला. बुधवारी सकाळी सर आमच्या ग्रंथालयात आले, टेबलासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, पारावर एक विषय उघडलाय. सवडीनं बघा."

ग्रंथालयात तेव्हा मी एकटीच होते. तरीही बोलण्याआधी त्यांनी मागं वळून पाहिलं. आपल्या आधी आलेलं कोणी ताटकळलं नाही ना, याची खात्री करून घ्यायची त्यांना सवय होती. त्या दिवशीही ती सुटली नव्हती.

तुम्ही बीडमध्ये त्या काळात राहिला असाल, तर त्यांना पाहिलं असेल. ग्रंथालयाच्या भिंतीला भिंत लागून त्यांचा कॉम्प्युटरचा क्लास होता. पांढरा शर्ट, कपाळावर विभूती, शर्टाच्या आत इष्टलिंगाची डबी किंचित उठून दिसायची. दारात गर्दी झाली की ते उजवा हात पुढं करून तळवा हळूहळू खाली आणायचे आणि एकच शब्द म्हणायचे, "रांगेनं." आवाज कधी चढत नसे. तहसीलदारांचा माणूस असो की भाजीवाली, तळवा सारखाच खाली यायचा.

ही रांग त्यांच्या अंगात कुठून आली, हे त्यांनीच एकदा सांगितलं होतं. घरचं किराणा दुकान. दुष्काळाच्या वर्षी रॉकेल यायचं, तेव्हा वडील भाऊबंदांचे डबे मागच्या दारानं आधी भरायचे. समोरच्या रांगेतली एक बाई रिकामा डबा घेऊन परत गेली, जाताना तिनं फक्त डबा उपडा धरून दाखवला. "तो डबा मला अजून दिसतो," सर म्हणाले. दुकान त्यांनी भावाला देऊन टाकलं आणि क्लास काढला.

गावात तेव्हा इंटरनेट म्हणजे सरांचा क्लास. फोनच्या तारेवरून लागायचं, लागताना खरखरायचं, आणि लागलं की वीज जायची. घरोघरी कॉम्प्युटर नव्हते. पुण्या-मुंबईकडं अर्ज करणारी पोरं ईमेलचा पत्ता म्हणून क्लासचाच पत्ता द्यायची. सगळ्यांची टपाल एका पेटीत पडायची. सर ती आलेल्या क्रमानं कागदावर छापायचे आणि नाव पुकारून द्यायचे. तार तुटली, वीज गेली, की राहिलेली टपाल दुसऱ्या दिवशी. मधूनच एखादं पत्र उघडायचं नाही, कोणाचं आलंय ते चाळून पाहायचं नाही.

आणि पार. गावातल्या झाडाभोवती जसा पार असतो आणि त्यावर माणसं बोलत बसतात, तसा सरांनी इंटरनेटवर एक पार बांधला होता. कोणीही विषय उघडायचा, बाकीच्यांनी त्याखाली उत्तरं लिहायची. बीडचा माणूस पुण्यात, मुंबईत, आखातात जिथं असेल तिथून रोमन अक्षरांत मराठी लिहायचा. पालीच्या धरणात पाणी किती आलं. कपिलधारचा धबधबा पडायला लागला का. म्हशीचं पोट फुगलं तर काय द्यावं. ज्या विषयाला ताजं उत्तर येई तो यादीत सगळ्यांत वर चढे आणि बाकीचे एकेक पायरी खाली सरकत.

एक नियम सरांनी स्वतः घालून दिला होता. आपला विषय आपणच उत्तर देऊन वर ओढायचा नाही. दुसऱ्यांनीही काही सांगायचं असेल तरच लिहायचं, नुसतं वर आणायला लिहायचं नाही. "नाहीतर ज्याला ओढायला माणसं आहेत, तोच कायम वर राहील," ते म्हणायचे.

नेकनूरला इंटरनेट नव्हतं. तिथं एसटी स्टँडसमोर एका मामूंचं फोनचं बूथ होतं आणि बूथमध्ये एक जुना कॉम्प्युटर. सर रोज पाराची यादी एका फ्लॉपीवर उतरवत आणि फ्लॉपी नेकनूरच्या एसटीच्या कंडक्टरकडं देत. मामू ती आपल्या मशिनवर लावत, यादी एका कागदावर छापून बूथच्या काचेला चिकटवत. ज्याला उत्तर द्यायचं असेल तो आत येऊन लिही. संध्याकाळच्या गाडीनं फ्लॉपी परत बीडला.

यादी फ्लॉपीवर उतरवण्याला सर 'माळ ओवणं' म्हणत. मी पुस्तकांची माणूस, म्हणून त्यांनी मला माझ्याच भाषेत समजावलं होतं.

"ताई, तुमच्या कपाटातली कार्डं आहेत. लेखकाचं कार्ड पुस्तकाकडं बोट दाखवतं, पुस्तकाचं कार्ड विषयाकडं. हे सगळं जाळं उचलून एसटीत घालता येतं का? नाही. मग एकच दोरा घ्यायचा आणि सगळी कार्डं त्यात ओळीनं ओवायची. पलीकडच्यानं ती सोडवून पुन्हा जशीच्या तशी खणांत लावायची."

"आणि त्याला कळायचं कसं, कुठलं कुठं?"

"आधी संख्या लिहायची. आता इतके मणी येणार. मग मणी. सांगितलेले आणि आलेले जुळले नाहीत तर मशिन अख्खी माळ नाकारतं. एक मणी जास्त झाला तरी."

"फार कडक आहे हो तुमचं मशिन."

"कडक नाही," ते म्हणाले. "त्याला कोणाचं तोंड बघता येत नाही, एवढंच."

माळेत सगळे विषय मावत नसत. जुन्या फ्लॉप्या मोठ्या माळेला दगा देत, आणि मामूंच्या काचेवर कागदही एकच. म्हणून पहिल्या पानावरचे विषय तेवढे ओवायचे. त्याखाली घसरला तो विषय नेकनूरला पोचत नसे.

आता मुलाचं. एकुलता एक, शिकलेला, गप्प. पुण्याच्या एका कंपनीत त्यानं अर्ज केला होता. त्या दिवसांत त्यानं एकदा सकाळी वडिलांना विचारलं होतं, "बाबा, माझी एक टपाल यायचीय. आधी बघता का?"

सर म्हणाले, "रांगेनं येईल."

ती रांगेनंच आली. मध्ये वीज गेली, तार तुटली, पुन्हा वीज गेली. मुलाखतीला बोलावल्याचं पत्र छापून निघालं तेव्हा मुलाखतीचा दिवस होऊन गेला होता. सरांनी इतरांसारखंच त्याचंही नाव पुकारलं. त्यानं कागद उभ्यानं वाचला, घडी घातली आणि वडिलांच्या टेबलावर ठेवला.

"तुमच्या रांगेत मी कुठं असतो, बाबा?" एवढंच तो म्हणाला. क्लासमधल्या मुलांनी ते ऐकलं.

दुपारी तो नेकनूरच्या गाडीत बसलेला कंडक्टरनं पाहिला. नेकनूरला उतरलेलाही पाहिला. त्यानंतर कोणी पाहिला नाही.

सरांनी उघडलेल्या विषयाचं नाव होतं 'पत्ता हवा आहे'. आत मुलाचं नाव, वय, अंगातला शर्ट, आणि शेवटी एक वाक्य: 'चूक घरच्यांची आहे, त्याची नाही.'

पहिले काही दिवस पारावर दुसरं काही नव्हतं. पुण्यातून कोणी लिहिलं, आम्ही हॉस्टेलं बघतो. कोणी आखातातून धीर दिला. विषय वर राहिला, माळेतून नेकनूरला गेला, काचेवर लागला. मग सांगण्यासारखं कोणाकडं काही उरलं नाही. सरांच्या नियमामुळं कोणी उगीच लिहीना. म्हशी, धरण, कॉलेजचे प्रवेश वर चढले आणि सरांचा मुलगा पायरी पायरीनं खाली जाऊ लागला. एक दिवस तो पहिल्या पानावरून खाली गेला. त्या सकाळी सरांनी माळ ओवली तेव्हा मी शेजारी होते. त्यांनी यादीवरून बोट खाली नेलं, शेवटच्या ओळीशी थांबवलं, आणि फ्लॉपी काढून कंडक्टरकडं दिली.

त्याच दुपारी काकू ग्रंथालयात आल्या. सरांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. त्या कधी ग्रंथालयात येत नसत. वाचनाच्या बाकावर टेकल्या आणि पदरानं टेबल पुसत राहिल्या. टेबल स्वच्छच होतं.

"ताई, तुमचं आयकतेत ते. सांगा की. मालक सोता, पार सोताचा. लेकाला एक डाव वर घेतलं तर आभाळ पडतंय का?"

"मी बोलते, काकू."

"म्या इचारलं त्यांना, कावून आसं करता? तर म्हनले, ज्येची म्हस मरायलीय त्येला बी घाई हाय." त्या थांबल्या. "म्हस, ताई."

मी बोलले. सर ऐकून घेत होते, मान खाली घालून. मग म्हणाले, "एकदा त्याच्यासाठी रांग मोडली नाही, म्हणून तो गेला. आता मोडली तर तो गेला ते कशासाठी?"

  मी क्लासमध्ये बसून पारावर उत्तर लिहायला घ्यायचे, आणि सांगायला काही नाही म्हणून पुसून टाकायचे. गावात किती जण असं पुसत असतील, कोण जाणे.

नेकनूरच्या मामूंनी मात्र एक केलं होतं. ज्या कागदावर तो विषय होता तो जुना कागद त्यांनी काढून टाकला नाही. नवे कागद त्याच्या बाजूला लावत गेले. ऊन लागून तो पिवळा पडला, तरी काचेवर राहिला.

पावसाळा संपताना एके सकाळी मामू स्वतः एसटीनं बीडला आले. मी ग्रंथालयाची एक सूचना छापून घ्यायला क्लासमध्ये गेले होते. मामूंनी नवी टोपी घातली होती. दारातूनच म्हणाले, "सर, आधी तोंड गोड करा."

सर उठले. "काय झालं, मामू?"

"आता मलाच इचारता? जवाब बघितला न्हाई का?"

"कोणता जवाब?"

मामू हसत होते ते हळूहळू थांबले. "कालच्या फ्लॉपीत. तुमच्या इषयाला. येक मानूस लिहून गेला की."

"कालच्या फ्लॉपीत नवं काही नव्हतं. परवाचीच माळ परत आली."

मामू बाकावर बसले. मग जे झालं ते त्यांच्या तोंडून तुकड्या-तुकड्यानं आलं. आदल्या दुपारी एक परका माणूस गाडीची वाट बघत काचेवरचे कागद वाचत होता. जुन्या कागदापाशी थांबला. आत येऊन म्हणाला, याला उत्तर लिहायचंय. मामूंनी त्याला मशिनसमोर बसवलं; तो जुना विषय मशिनमध्ये होता, आणि उत्तर लिहिताच मशिननं तो संख्येसकट त्या दिवशीच्या माळेच्या शेवटी ओवला. तो लिहून उठला, "हे पोचंल ना?" म्हणून विचारलं आणि गाडीत बसून गेला.

"म्या म्हनलं, आता जवाब आलाय तर सरांच्या लेकाचा इषय आज हितंबी वरच पायजे. बीडातून वर येऊस्तोर कावून थांबायचं? म्या माळ उघडली. तुमचा इषय घेतला आन् सगळ्याच्या वर चिकटवला. खालचा बी ऱ्हाऊ दिला. म्हनलं दोनदा दिसू द्या, लेकरू हाय."

सरांनी परत आलेली फ्लॉपी उचलून पाहिली.

"मंग मशिन कायबी दाखवंना. सगळं पांढरं. लई घाबरलो सर. वाटलं, तुमची माळ मपल्या हातानं तुटली. परवाची माळ मशिनमदी होती, ती फ्लॉपीवर उतरवली. मशिन चालू झालं. म्या समजलो, जवाब आत आसंलच."

एक मणी जास्त झाला होता. संख्या तीच राहिली होती. ते तिघांपैकी दोघांना त्याच क्षणी कळलं. मामूंना आमच्या चेहऱ्यांवरून कळलं.

"काय लिहिलं होतं त्यांनी?" मी विचारलं.

"न्हाई वाचलं, ताई. सरच म्हनलेत ना, दुसरा लिहायला बसला की बघायचं न्हाई. म्या भायेर जाऊन हुबा ऱ्हायलो."

क्लासमध्ये पंखा फिरत होता. सरांनी माठातून पाणी काढून मामूंच्या हातात दिलं. मग खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.

"माणूस कसा होता?"

"आसंल पन्नाशीचा. हातात स्टीलचा डबा. चपला सिमेटानं भरलेल्या. नाव न्हाई इचारलं."

"किती वेळ लिहीत होता?"

"लई येळ. येका बोटानं लिव्हत व्हता. त्याची एसटी आली, तर सोडली त्यानं. दुसऱ्या गाडीनं गेला."

सर पुढं झुकले. "गाडी सोडली?"

"व्हय सर."

"म्हणजे पुष्कळ सांगायचं होतं त्याला," सर म्हणाले. आणि मी त्यांच्या तोंडावर जे पाहिलं त्याला आनंदच म्हणावं लागेल. तो थोडाच वेळ टिकला.

मामू रडायला लागले. सरांनी तळवा पुढं करून हळूहळू खाली आणला, दारातल्या गर्दीला बसवायचे तसा. "चहा घ्या, मामू. तुम्ही त्याला वर ठेवलं. मी नाही ठेवलं."

नंतरचे कितीतरी दिवस सर ती फ्लॉपी आणि मामूंचं मशिन खरवडत राहिले. पुसलेलं पुष्कळदा तळाशी राहतं, असं ते म्हणत. पुण्यातल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं त्यासाठी एक प्रोग्राम पाठवला. निघालं ते म्हशीचं, धरणाचं, एका लग्नपत्रिकेचं. त्या माणसाचं एकही अक्षर निघालं नाही.

मग एक दिवस ते ग्रंथालयात आले. मागं वळून पाहिलं. म्हणाले, "ताई, एक विचारायचंय. आता माझ्याकडं सांगण्यासारखं आहे. त्या गृहस्थाला सांगायचंय, की पुन्हा लिहा. हे माझा विषय वर ओढणं होईल का?"

स्वतःच्या पारावर, स्वतःच्या मुलासाठी, ते माझ्याकडं परवानगी मागत होते.

"नाही होणार, सर. लिहा."

त्यांनी लिहिलं: 'नेकनूरला ज्यांनी उत्तर लिहिलं त्यांनी कृपा करून पुन्हा लिहावं. ते आमच्या हातून हरवलं. आम्ही वाट बघत आहोत.' मामूंचं नाव त्यांनी घेतलं नाही. विषय वर चढला, काचेवर लागला, आणि कोणी लिहिलं नाही म्हणून पुन्हा उतरू लागला. दुसऱ्यांदा सांगण्यासारखं सरांकडं काही नव्हतं.

त्यानंतर क्लासचं शटर अर्धं खाली दिसायला लागलं. सर सकाळच्या गाडीनं नेकनूरला जायचे आणि मामूंच्या बूथबाहेर बाकावर बसायचे. मामूंनी त्यांच्यासाठी तिथं एक जुनं पोतं अंथरलं होतं. गाडी आली की सर उतरणाऱ्यांच्या तोंडाकडं बघत नसत, पायांकडं बघत. सिमेंटानं भरलेल्या चपला शोधत. मी एकदा भाचीच्या साखरपुड्याला नेकनूरला गेले होते, तेव्हा हे पाहिलं. गाडीतून किती पाय उतरतात, हे मला त्याआधी माहीत नव्हतं. रस्त्याची कामं तेव्हा सगळीकडं निघाली होती. सिमेंटच्या चपला पुष्कळ होत्या. सर प्रत्येकाला हात जोडून विचारायचे, "माफ करा, आपण कधी इथं काही लिहिलं होतं का?" माणसं गोंधळून नाही म्हणायची.

कंडक्टर त्यांची चेष्टा करायचा. "सर, आता तुमाला पास काढून देतो. फ्लॉपीला न्हाई लागत तिकीट, तुमाला लागतंय." सर हसायचे. परतीच्या गाडीला गर्दी व्हायची, तेव्हा ते सगळ्यांच्या शेवटी उभे राहायचे. पुष्कळदा उभ्यानंच बीडला यायचे.

काकूंनी कपिलधारला जाऊन तिथल्या समाधीला साकडं घातलं. सरांना म्हणाल्या, तुमी बी चला. सर म्हणाले, "मी गेलो आणि नेमका तो माणूस नेकनूरला उतरला तर?"

पुढच्या उन्हाळ्यात सर गेले. दवाखान्यात, सकाळी. त्यांच्या लिंगायत समाजात माणसाला बसवून समाधी देतात. मी ते प्रथमच पाहिलं. ते भिंतीला टेकून बसलेले होते, हात मांडीवर, जसे नेकनूरच्या बाकावर बसत. बेलाचं पान वाहायला माणसं एकामागं एक उभी राहिली. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, पण कोणी पुढं घुसलं नाही. मामू सगळ्यांच्या शेवटी उभे होते.

त्या आठवड्यात पारावर एक गोष्ट झाली. कोणीतरी पुण्यातून सरांच्या विषयाखाली एकच शब्द लिहिला: 'वर'. मग आखातातून आला, 'वर'. मुंबईतून, औरंगाबादेतून, गावातून. सांगायला कोणाकडं काही नव्हतं. ज्यांनी इतके महिने लिहून पुसलं असेल त्या सगळ्यांनी लिहिलं. मीही लिहिलं. नियम मोडला, आणि म्हशीचा किंवा धरणाचा विषय घेऊन कोणी तक्रार करायला आलं नाही.

पाराची इंटरनेटवरची जागा ज्या कंपनीकडून भाड्यानं घेतली होती तिनं मुदत संपल्यावर ती बंद केली. त्याआधी पुण्यातल्या त्या विद्यार्थ्यानं शेवटची माळ ओवली. पहिल्या पानाची अट त्यानं काढून टाकली आणि एकूण एक विषय घेतला. तो मणी मोजत होता तेव्हा मी फोनवर होते. त्यानं पुन्हा पुन्हा मोजले. ती माळ त्यानं सीडीवर घालून ग्रंथालयाला दिली, आणि आमच्याकडं तोवर आलेल्या कॉम्प्युटरवर ती सोडवून पार जसा होता तसा लावून दिला. त्यावर आता बाहेरून कोणी काही लिहू शकत नाही. म्हणून यादीत काही वर जात नाही, काही खाली येत नाही.

काकू अधूनमधून येतात. वाचनाच्या बाकावर टेकतात.

"वर हाय न्हवं, ताई?"

"आहे, काकू."

मी पडदा त्यांच्याकडं वळवते. त्यांना वाचता येत नाही. कुठं बोट ठेवायचं ते त्यांना माहीत आहे.

मुलगा आलेला नाही. त्याचा विषय यादीत पहिला आहे.